जर्मनीला जावं का, हे देवाला कसं विचारायचं

जय ख्रिस्त. तुझं पत्र वाचलं. ऐरोलीला घर, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली, वॉर्डात चार वर्षांचा अनुभव, जर्मन भाषेत बी१ पातळीपर्यंत आलेली. तिथल्या एका हॉस्पिटलची ऑफर आहे, उत्तर द्यायला पंधरा दिवस आहेत आणि एजंट तीन लाख मागतोय. डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडलंस तर बोट उत्पत्ती १२:१ वर पडलं, जिथे देव अब्राहामाला देश सोडायला सांगतो. आई म्हणते हाच देवाचा शब्द, पप्पा म्हणतात जरा थांब.

बोट पडलं म्हणून जाऊ नकोस. त्याच पुस्तकात २६:२ वाच. तिथे दुष्काळ पडलाय आणि देव इसहाकाला सांगतो, मिसरात उतरू नकोस, मी सांगतो त्याच देशात राहा. बोट चौदा अध्याय पुढे पडलं असतं तर पप्पा जिंकले असते. ही वचनं खोटी नाहीत, पण ती त्या त्या माणसाला, त्या त्या वेळी दिलेली आहेत. आपण ती चिठ्ठीसारखी उचलली की देवाशी बोलणं संपतं आणि चिठ्ठ्या टाकणं सुरू होतं.

खूण मागूच नये असं मात्र मी म्हणणार नाही. उत्पत्ती २४ सावकाश वाच. अब्राहामाचा सेवक विहिरीपाशी खूण मागतो: जी मुलगी मला पाणी देईल आणि ‘तुमच्या उंटांनाही पाजते’ म्हणेल, तीच. उंट दहा होते. तहानलेला उंट शंभर लिटरपर्यंत पाणी पिऊ शकतो. निम्मंच धरलं तरी पाचशे लिटर झाले. पंधरा लिटरची घागर धरली तर तेहतीस-चौतीस खेपा, त्याही झऱ्यावर उतरून आणि परत चढून. म्हणजे त्याने मागितलेली खूणच मुलीचा स्वभाव आणि कष्टाची तयारी तपासणारी होती. रिबका पळत पळत पाणी आणत होती तेव्हा तो गप्प उभा राहून बघत होता. आणि एवढं होऊनही त्याने विचारलंच, तू कोणाची मुलगी? खूण मागायची तर अशी, जिच्यातून ती गोष्ट खरी की खोटी ते कळेल.

म्हणून एजंटपुरती खूण अशी ठेव: ‘नोंदणी क्रमांक, पैशांचा हिशोब आणि कराराची प्रत लेखी पाठवा’ असं त्याला लिही. भारतातून परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते आणि त्याचा क्रमांक त्याच मंत्रालयाच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर तपासता येतो. उमेदवाराकडून सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये घेता येतं, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये. तीन लाख कशाचे, हे त्याला लिहून देऊ दे. भाषेचा क्लास, तिकीट, व्हिसा हे खर्च वेगळे असतील तर पावतीसह वेगळे दाखवू दे. जर्मनीत नर्सची भरती नीट करणाऱ्यांसाठी सरकारी गुणवत्ता-चिन्ह आहे आणि त्याचा नियमच असा की भरतीचा खर्च मालकाने सोसायचा. एजंट ‘विश्वास ठेवा, आपण एकाच मंडळीचे’ म्हणाला आणि कागद आला नाही, तर तुला उत्तर मिळालं. मंडळीतल्या ओळखीने होणारी फसवणूक सगळ्यात वाईट, कारण तिथे विचारणंच उद्धटपणाचं वाटतं. तरी विचार.

करारात तीन जागा नीट बघ. अनर्केनुंग, म्हणजे तुझ्या जीएनएमला तिथली मान्यता, मिळेपर्यंत पगार मदतनीसाचा असतो. तो किती आणि हातात किती येणार ते बघ. मान्यतेच्या निकालपत्रात काय कमी पडतं ते लिहिलेलं असतं आणि ते भरून काढायला पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा असते. दुसरी जागा, त्यासाठी रजा आणि फी कोण देणार? तिसरी जागा, लवकर नोकरी सोडलीस तर किती रक्कम परत करायची. बुरूज बांधायच्या आधी बसून खर्च मोजायला प्रभूनेच सांगितलंय, लूक १४:२८. कॅल्क्युलेटर घेऊन बसणं म्हणजे अविश्वास नव्हे.

पुढे बी२ या वरच्या पातळीला अडखळलीस तर ‘देवाने दार बंद केलं’ असं लगेच ठरवू नकोस. गोएथे या जर्मन भाषासंस्थेच्या बी२ परीक्षेचे चार भाग आहेत: वाचन, श्रवण, लेखन, संभाषण. प्रत्येकात शंभरपैकी साठ लागतात आणि राहिलेला भाग तेवढाच पुन्हा देता येतो. संभाषणात ५४ पडले याचा अर्थ संभाषण कच्चं आहे, एवढाच. वागळे इस्टेटच्या पासपोर्ट केंद्रातून कागद परत आला तरी तसंच. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आधारवर आडनाव आधी, हे आपल्या लोकांत नेहमीचं आहे. पासपोर्ट, मार्कशीट आणि नर्सिंग कौन्सिलची नोंदणी या तिन्हींवरचं नाव आधी अक्षरशः जुळवून घे.

प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये पौलाला आशिया प्रांतात अडवलं, बिथुनियातही जाऊ दिलं नाही. तो घरी परतला नाही, त्रोवसापर्यंत चालत राहिला. तिथे दृष्टान्त झाल्यावरही ‘आम्ही’ अनुमान केलं असं लिहिलंय, एकट्याने नाही. आणि बोलावणं खरं असूनही फिलिप्पैत पोहोचल्यावर फटके आणि तुरुंग. म्हणजे अडचण आली म्हणून वाट चुकली असं नाही, आणि सगळं सुरळीत झालं म्हणून ती बरोबर असंही नाही.

आता तुझे पंधरा दिवस. आपण प्रोटेस्टंट असलो तरी इग्नेशियस लोयोला या कॅथलिक संताच्या परंपरेतली रीत घ्यायला हरकत नाही. पहिले पाच दिवस ‘मी जाणार’ असं धरून जग, पुढचे पाच ‘मी राहणार’ असं धरून. रोज ठरल्या वेळी प्रार्थना कर आणि वहीत दोनच ओळी लिही: मन कशाने शांत झालं, कशाने आकसलं. नाईट करून आलेल्या दिवसापुढे फुली मार, कारण थकव्याची शांती आणि देवाची शांती सारखीच वाटते. अकराव्या दिवशी वही पाळकांना आणि ज्यांचा तुझ्या जाण्यात काही फायदा नाही अशा एका वडीलधाऱ्या व्यक्तीला दाखव. पप्पांना ‘थांब’ का वाटतं तेही विचार. बहुतेक वेळा त्यामागे कर्ज असतं नाहीतर आईची तब्येत, आणि दोन्हींचं उत्तर आकड्यांत काढता येतं.

गेलीस, तर रोजच्या निर्णयांतला पहिला अवघड निर्णय एका रकान्याचा असेल. घर मिळाल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो, त्याला अनमेल्डुंग म्हणतात, आणि त्या फॉर्ममध्ये धर्म विचारतात. तिथे ‘इव्हांगेलिश’ (तिथलं मुख्य प्रोटेस्टंट चर्च) किंवा ‘रोमन कॅथलिक’ लिहिलं की चर्च-कर पगारातून आपोआप कापला जातो: बायर्न आणि बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये आयकराच्या ८ टक्के, बाकी राज्यांत ९. हा कर पगारावर नसतो, आयकरावर असतो. महिन्याचा आयकर ३०० युरो असेल तर ९ टक्क्यांनी २७ युरो. एजंट सांगतात, रकाना रिकामा ठेव, पैसे वाचतील. पैशासाठी प्रभूचं नाव गाळायचं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पण तू या दोन मोठ्या चर्चबाहेरच्या स्वतंत्र मंडळीत जाणार असशील तर त्यातल्या बहुतेक हा कर घेत नाहीत. तेव्हा कोणत्या मंडळीत जाणार ते इथूनच ठरव, आणि मग खरं असेल ते लिही. नंतर बाहेर पडायचं तर सरकारी कचेरीत जाऊन घोषणा करावी लागते आणि ती गोष्ट तिथलं चर्च हलकी मानत नाही.

इग्नेशियसचाच दुसरा नियम सामानात बांधून ने: मन खचलेलं असताना ठरलेला निर्णय बदलू नये. डिसेंबरमध्ये तिथे दुपारी साडेचारच्या सुमारास अंधार होतो. पहिल्या हिवाळ्यात परतीचं तिकीट बघावंसं वाटेल तेव्हा मार्चपर्यंत थांब.

रविवारच्या उपासनेसाठी महिन्यातले कोणते रविवार सुट्टी मिळू शकेल, ते मुलाखतीतच विचार. रोस्टर लागल्यावर कोणी ऐकत नाही. आणि आईसोबतच्या प्रार्थनेची वेळ निघण्याआधीच ठरव. ऐरोलीत रात्रीचे दहा म्हणजे तिथे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेपाच. घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. सकाळची पाळी असेल तर ही वेळ जमते. दुपारच्या पाळीला नाही, म्हणून त्या आठवड्यासाठी सकाळची दुसरी वेळ लिहून आईच्या फ्रीजवर लावून जा.