चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला?

कराडच्या एका शिक्षिकेचं पत्र आहे. घरात २०१४ च्या जूनमध्ये घेतलेली डिझेल स्विफ्ट डिझायर, १ लाख ९२ हजार किलोमीटर झालेली. चार महिन्यांपासून निळा धूर, दर हजार किलोमीटरला जवळपास लिटरभर ऑइल वर टाकावं लागतं. ओळखीच्या मेकॅनिकनं रिंग-पिस्टन, बोअर, बेअरिंग असं धरून इंजिनच्या कामाचे ९५ हजार सांगितले. एजंट आहे त्या स्थितीत गाडी ८५ हजारांना घेतो म्हणतो. नवी गाडी ऑन-रोड साडेआठ लाखांची. त्यासाठी ६ लाखांचं कर्ज, जुनीचे ८५ हजार आणि बाकीचे १ लाख ६५ हजार एफडी मोडून. एफडी एकूण २ लाख ६० हजारांची. मुलगी बारावीला. आणि शेवटची ओळ: "मिस्टर म्हणतात, ८५ हजारांच्या गाडीवर ९५ हजार घालणं म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला."

ताई, मिस्टरांची म्हण चपखल आहे, पण हिशोब चुकीच्या दोन आकड्यांचा लावलाय. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी तोलायचा, तर गाडी विकायला काढलेली हवी. तुम्हाला ती वापरायची आहे. उंब्रजच्या शाळेत रोज जाऊन-येऊन पस्तीस-छत्तीस किलोमीटर, महिन्यातून एकदा सासूबाईंना घेऊन मिरज. तेव्हा खरा प्रश्न असा, की पुढची तीन वर्षं हे महिन्याचे हजार किलोमीटर कुठल्या मार्गानं स्वस्त पडतात?

मांडून बघू. काम केलंत तर ९५ हजार जातात, शिवाय आज हातात येऊ शकणारे ८५ हजार तुम्ही सोडता. म्हणजे १ लाख ८० हजार. तीन वर्षांनी गाडीचे ६० हजार आले असं धरू. मी मुद्दाम कमी धरतोय, कारण तेव्हा नोंदणीची पंधरा वर्षं संपत आलेली असतील. इंजिनचं काम झालेल्या गाडीला गिऱ्हाईक नाकही मुरडतं. उरले १ लाख २० हजार, महिन्याला ३,३०० च्या आसपास. जुनी गाडी म्हणून वर्षाला २५ हजार इतर दुरुस्तीचे धरा, म्हणजे महिन्याला आणखी २,१००. एकूण ५,४००.

नवी घेतलीत तर साडेआठ लाखांची गाडी तीन वर्षांनी पाच लाखांना जाईल असं मानू. साडेतीन लाखांची घट म्हणजे महिन्याला ९,७००. सहा लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता १२,६०० चा बसतो. त्यातलं पहिल्या तीन वर्षांतलं व्याजच १ लाख २८ हजारांच्या घरात जातं, महिन्याला साडेतीन हजार. सर्व्हिसिंग आणि विम्याचा जादा हप्ता मिळून दीड हजार. बेरीज १४,८०० च्या आसपास. इंधन मी दोन्हीकडे सारखंच धरलंय. सीएनजी घेतलीत तरी तुमच्या वापरात महिन्याला हजारभर रुपये वाचतील, त्यापलीकडे नाही. म्हणजे दोन्हींत महिन्याला साधारण नऊ हजारांचा फरक, आणि तो नेमका मुलीच्या कॉलेजच्या वर्षांत.

सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, म्हणून "हीच वेळ" असं शोरूमवाले सांगतात. गाड्या स्वस्त झाल्या हे खरं. पण तो दर काही महिनाअखेरीची ऑफर नाही.

आता माझी खरी काळजी. तो ९५ हजारांचा आकडा इंजिन खोलायच्या आधीचा आहे. माझ्या स्वतःच्या गाडीच्या वेळी ६० हजारांवर सुरू झालेलं काम १ लाख १० हजारांवर थांबलं होतं. हेड खराब, क्रँकला लेथ, मग इंजेक्टर. मेकॅनिक लबाड नव्हता, आत काय आहे ते त्यालाही खोलल्यावरच दिसलं. पण इंजिन सुटं होऊन टेबलावर आलं की माणसाला नाही म्हणता येत नाही. म्हणून आधी दोन-तीन हजार खर्चून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा किती दाबली जाते ते, तपासून घ्या. रिंगा झिजल्या की ते उतरतं. तुमच्या गाडीला टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा, आहे. टर्बोचं सील गेलं तरी ऑइल जळतं आणि धूर निळाच येतो. कॉम्प्रेशन चारही ठिकाणी ठीक निघालं, तर कदाचित इंजिन उतरवायची गरजच नाही. टर्बोचं काम इंजिनच्या कामापेक्षा बरंच स्वस्तात होतं. हे तपासल्याशिवाय "रिंगा गेल्या" हे मी मान्य करणार नाही, मेकॅनिक कितीही जुना असो.

रिंगाच गेल्या असतील, तर खोलायच्या आधी वरची मर्यादा ठरवा. तुमच्यासाठी ती मी १ लाख २५ हजार धरतो. तीस हजार वाढले तरी महिन्याचा आकडा सव्वासहा हजारांपर्यंतच जातो, म्हणजे हिशोब तुटत नाही. तो तुटतो तुमच्या एफडीत. पुढच्या वर्षी सीईटीचे कॅप राउंड, म्हणजे प्रवेशाच्या फेऱ्या, सुरू झाले की पहिल्या वर्षाची फी, हॉस्टेल, डिपॉझिट एकदम भरावं लागतं. तिथं १ लाख ३५ हजार तरी शिल्लक हवेत. मर्यादेच्या वर गेलं, तर "जोडून द्या, विकतो" म्हणायची तयारी ठेवा. मेकॅनिकला हे आधीच सांगा. चांगला माणूस असेल तर तो रागावणार नाही.

एका बाबतीत तुमचं नशीब बरं आहे. हे १.३ लिटरचं डिझेल इंजिन मुळात फियाटचं. स्विफ्ट, डिझायर, एर्टिगा, इंडिका व्हिस्टा, पुंटो, सगळ्यांत तेच होतं, आणि आपल्या रांजणगावलाही ते बनायचं. मारुतीनं एप्रिल २०२० पासून डिझेल बंद केलं, तरी सुटे भाग आणि हात बसलेले कारागीर अजून सहज मिळतात.

मेकॅनिकनं दुसरा पर्याय म्हणून जुन्या बाजारातलं इंजिन सुचवलंय, ४० हजार स्वस्त. मी नाही म्हणेन. रिंग-पिस्टनच्या कामात ब्लॉक तोच राहतो, त्यामुळे इंजिन नंबरही तोच. अख्खं इंजिन बदललं की आरटीओची परवानगी, आरसीवर नोंद, विमा कंपनीला कळवणं, सगळं आलं. ते न केल्यास पुढे क्लेमच्या वेळी किंवा गाडी विकताना अडाल. शिवाय ते इंजिन किती पळालंय, कुठल्या अपघातातून आलंय, देव जाणे. सेकंड-हँड गाडीबद्दलही माझं हेच मत. आपल्या गाडीचं दुखणं निदान आपल्याला माहीत असतं.

विम्यातून काही मिळेल का, असं तुम्ही विचारलंत. नाही. झीज पॉलिसीत बसत नाही, आणि इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर घेतलं असतं तरी ते मुख्यतः पाणी शिरण्यासारख्या नुकसानीसाठी असतं. मात्र तुमचा ५० टक्के नो क्लेम बोनस जपा. तो गाडीचा नसतो, तुमचा असतो. पुढे गाडी बदलाल तेव्हा नव्या पॉलिसीवर नेता येतो.

दिल्ली परिसरातल्या दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांच्या बातम्या वाचून शेजाऱ्यांनी घाबरवलंय म्हणे. तो नियम आपल्याकडे लागू नाही. तुमची नोंदणी जून २०२९ पर्यंत आहे. त्यानंतर तपासणी, नूतनीकरणाची फी, हरित कर भरून पाच वर्षं वाढवता येते, पण तोवर तुम्ही ही गाडी काढलेली असावी असं मला वाटतं. गेल्या वर्षी क्लच आणि टायरवर घातलेले ४२ हजार "वाया जातील" हा विचार मात्र यात आणू नका. ते गेले. त्यांनी ना दुरुस्तीच्या बाजूनं बोलावं, ना विरुद्ध.

काम सुट्टीत करा, आठ-दहा दिवस गाडी अडकेल. जीएसटीचं बिल घ्या, त्यावर सहा महिने किंवा दहा हजार किलोमीटरची हमी लिहून घ्या. पैसे एफडीतून द्या, पर्सनल लोन नको. आणि नव्या गाडीच्या हप्त्याची मनाची तयारी झालीच होती, तर त्यातले ६ हजार दरमहा आवर्ती ठेवीत टाका. २०२९ पर्यंत व्याज सोडून २ लाख १६ हजार होतात. तेव्हाच्या गाडीला कर्ज बरंच कमी लागेल.

तपासणी मात्र याच आठवड्यात. ऑइलचा कॅन डिकीत ठेवून वर्ष काढता येईल असं मिस्टरांना वाटत असेल, तर त्यांना सांगा, की टर्बोतून ऑइल जास्त आत जायला लागलं तर डिझेल इंजिन त्या ऑइलवरच पळत सुटतं आणि चावी काढली तरी बंद होत नाही. मग मेकॅनिककडे न्यायला फक्त भंगार उरतं, आणि एजंटचे ८५ हजारही जातात.