गोव्यात दीड लाखाच्या बचतीत कोणता छोटा धंदा सुरू करावा?

दुकान भाड्याने घेऊ नका, घरीच सोलां (कोकमाची वाळवलेली आमसुलं) आणि आगळ (कोकमाचा खारवलेला रस) करून विका. फोंड्याला आमच्या घरी हेच चालतं, त्यावरून सांगते. यंत्र लागत नाही: भिंडांच्या, म्हणजे कोकमाच्या फळांच्या, साली मीठ घातलेल्या त्यांच्याच रसात बुडवायच्या, उन्हात वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या. नीट वाळलेली सोलां वर्षभर टिकतात, त्यामुळे न खपलेला माल फुकट जात नाही, आणि हुमणाला (माशांच्या आमटीला), सोलकढीला ती लागतातच. विक्रीला म्हापशाचा शुक्रवारचा बाजार उत्तम. एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी आधी करा. पैसे कमी पडले तर सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळतं. मात्र फळ मुख्यतः एप्रिल-मेमध्ये येतं आणि जूनला पाऊस लागला की वाळवण थांबतं. तेव्हा निम्मी रक्कम फळखरेदीसाठी राखून ठेवाच.