घर पेट्यांचं, गळती सांध्यातली

प्रश्न : सव्वा गुंठ्याच्या प्लॉटवर 20 फुटी जुने दोन कंटेनर शेजारी शेजारी ठेवून, मधली भिंत कापून घर करायचा विचार आहे. चालेल का?

उत्तर : आधी मापं बघा. साध्या कंटेनरची आतली रुंदी सुमारे 2.35 मीटर, उंची 2.39 मीटर. राष्ट्रीय इमारत संहिता (2016) राहत्या खोलीला किमान 2.4 मीटर रुंदी आणि 2.75 मीटर उंची मागते. त्यात दोन्हीकडे 50 मिमी रॉकवूल (उष्णता अडवणारी खनिज लोकर) आणि वर बोर्ड लावला, की रुंदी सव्वादोन मीटरच्याही खाली येते. मधली भिंत काढल्यावर रुंदीचा प्रश्न सुटेल, उंचीचा नाही. शिवाय तो नालीदार पत्रा नुसता आडोसा नसतो, वरचं छत तोलण्यात त्याचा वाटा असतो. तो कापला की वरची पट्टी वाकते, छतावर पाणी साचतं. म्हणजे कापलेल्या जागी बॉक्स सेक्शनची (पोकळ चौकोनी पोलादी नळीची) चौकट आली आणि ती स्ट्रक्चरल इंजिनिअरने काढून द्यायला हवी. एवढा खर्च करण्यापेक्षा कारखान्यातून नवा सांगाडाच, म्हणजे तयार खोलीची पेटी (मॉड्यूल) करून घ्या, असं आमचं स्पष्ट मत आहे.

बाहेरून 2.6 मीटर रुंद ठेवा. मालवाहू गाडीच्या रुंदीची मर्यादा तेवढीच आहे. 100 मिमीच्या भिंती धरल्या तर आत नेमके 2.4 मीटर उरतात. ऑर्डर देण्यापूर्वी ट्रेलरच्या फळीची उंची मॉड्यूलच्या उंचीत मिळवा आणि गल्लीतल्या सर्वांत खालच्या वायरीशी ताडून बघा. क्रेन कुठे उभी राहणार तेही ठरवा : बूम (क्रेनचा हात) जितकी लांब पसरेल, तितकं कमी वजन ती उचलते.

प्रश्न : दोन मॉड्यूलच्या सांध्यातून दर पावसाळ्यात पाणी येतं. दोनदा सिलिकॉन भरलं, तरी तेच.

उत्तर : तिसऱ्यांदा भरू नका. सहा मीटर लांबीचं पोलाद 40 अंशांच्या फरकाने जवळपास 3 मिमी हलतं. फटीवर फासलेला पातळ थर एवढी ओढ सोसत नाही, फाटतो. आणि जुन्या सिलिकॉनवर नवं धरतच नाही, म्हणून आधी सगळं खरवडून काढा.

मग छताच्या दोन्ही कडांना 100 मिमी उंचीच्या उभ्या पट्ट्या वेल्ड करा, वेल्डवर प्रायमर आणि रंग द्या. त्यावर उलट्या ‘यू’सारखी वळवलेली पत्र्याची टोपी बसवा. टोपीचे स्क्रू रबरी वॉशरसह, एकाच बाजूला आणि उभ्या पट्टीत मारा. दोन्हीकडे घट्ट केलीत तर हालचालीने स्क्रूची भोकं रुंदावतात. टोपीच्या तुकड्यांचा एकमेकांवर किमान 150 मिमी ओव्हरलॅप आणि त्यात ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी). भिंतीच्या उभ्या सांध्यात 12 मिमी फट ठेवून आधी फोमची दोरी दाबा, वर 6 मिमी सीलंट. दोरी नसेल तर सीलंट तळालाही चिकटतं आणि ताणायला मोकळीक न उरल्याने तुटतं.

दोन गोष्टी त्याआधीच तपासा. पाण्याच्या नळीने आठही कोपऱ्यांची लेव्हल घ्या. एक पाया खचत असेल तर कुठलीही टोपी टिकणार नाही. आणि हिवाळ्यात, पाऊस नसतानाही पहाटे थेंब दिसत असतील, तर ती गळती नव्हे : गार पोलादावर घरातलीच वाफ साचते आहे. तिथे सांध्याला आतून इन्सुलेशन हवं.

प्रश्न : पुढे एखादंच मॉड्यूल बदलता येईल असं घर बांधता येतं का?

उत्तर : येतं, पण तसं आधीच आखावं लागतं. टोकियोतला नाकागिन कॅप्सूल टॉवर (1972) याच कल्पनेवर उभा होता. 140 कॅप्सूल, प्रत्येकी चार बोल्टवर टांगलेल्या, दर 25 वर्षांनी बदलायच्या. एकही बदलली गेली नाही आणि 2022 मध्ये इमारत उतरवली. खालची कॅप्सूल काढायला वरच्या आधी काढाव्या लागत होत्या. म्हणून बोल्ट झाकून टाकू नका. नळ, सांडपाणी आणि वायरिंगचा शाफ्ट (उभी पोकळी) बाहेरून उघडेल असा ठेवा, प्रत्येक मॉड्यूलच्या तोंडाशी पाइपला युनियन (खोलता येणारा जोड) आणि स्वतंत्र व्हॉल्व्ह द्या.