रहस्यमालिका पहिल्या पुस्तकापासूनच वाचावी का?

प्रश्न : स्त्री गुप्तहेर नायिका असलेल्या एका कादंबरीमालिकेतील मधलेच पुस्तक हाती लागले आणि फार आवडले. गुन्हेगार कोण, यापेक्षा मी नायिकेच्या जगण्यातच अधिक गुंतले. आता मालिका पहिल्यापासून वाचावी का?

उत्तर : जरूर वाचावी. रहस्याची उकल त्या त्या पुस्तकात संपते. नायिकेचे आयुष्य मात्र पुढे सरकत राहते, आणि तुम्हाला नेमके तेच भावले आहे. अमेरिकन लेखिका स्यू ग्राफ्टन यांची खासगी गुप्तहेर किन्सी मिलहोन पाहा. प्रत्येक शीर्षकात इंग्रजी वर्णमालेतले पुढचे अक्षर घेणारी, १९८२ साली ‘ए’ या अक्षरापासून सुरू झालेली ही मालिका २०१७ साली ‘वाय’पर्यंत, म्हणजे २५ कादंबऱ्यांपर्यंत आली, त्याच वर्षी लेखिकेचे निधन झाल्याने शेवटचे अक्षर राहूनच गेले, याची हळहळ आजही वाटते. कथेतला काळ मात्र १९८०च्या दशकातच राहिल्याने किन्सीकडे मोबाइल नाही. हाती आलेला प्रत्येक तपशील ती कार्डांवर टिपते, ती कार्डे पुन्हा पुन्हा मांडून पाहते आणि माणसांना समोरासमोर भेटून बोलते करते. ऐंशी ओलांडलेले तिचे घरमालक हेन्री यांच्याविषयीची तिची माया क्रमाने वाचतानाच मुरत जाते. अगाथा ख्रिस्ती यांच्या मिस मार्पल या वयस्कर हौशी गुप्तहेर बाईंच्या कथा मात्र कोणत्याही क्रमाने वाचता येतात.

तुमचे वाचून झालेले पुस्तक क्रमात आले, की तेही पुन्हा वाचा. गुन्हेगार ठाऊक असल्यामुळे लेखिकेने दुवे कुठे आणि किती सफाईने पेरले होते, हे तेव्हा दिसू लागते.