टोकन रिपीट होत नाही म्हणून खूश होऊ नकोस

अगं, तुझा रात्रीचा लांबलचक मेसेज वाचला. पायथनच्या रँडम मॉड्यूलनं दहा लाख टोकन (ओळख पटवायला लिंकमध्ये घालतात ती गुप्त अक्षरं) काढले, एकही रिपीट नाही, तरी रिव्ह्यूमधून कोड परत आला म्हणून वैतागलीयेस. पण परत पाठवणाऱ्याचं बरोबर आहे. रिपीट होतं का ते सोड, समोरच्याला अंदाज बांधता येतो का ते बघ.

माझंच सांगते. पासवर्ड रिसेटची लिंक, टोकन रँडमनं काढलेला, सीड (ज्या आकड्यावरून रँडम पुढचं सगळं काढतो तो) म्हणजे सर्व्हरचं घड्याळ, तेही सेकंदात. दिसायला ३२ अक्षरांचा अगडबंब टोकन. एक दिवस टेस्टरनं माझ्याच अकाउंटला रिसेट मारला आणि माझा मेल न उघडता लिंक मला चॅटवर पाठवली. सर्व्हरच्या उत्तराच्या हेडरमध्ये वेळ आयती मिळते, त्यानं आजूबाजूचे चार-सहा सेकंद सीड म्हणून चालवून पाहिले, बास. अख्खा तास धरला तरी ३६०० च होतात गं! डेडलाइन होती, रिव्ह्यूवाल्यानंही पास केलेलं, असं मी अजून स्वतःला सांगते, आणि नेटस्केप ब्राउझरवाल्यांनीसुद्धा वेळ आणि प्रोसेस आयडी (चालू प्रोग्रामचा नंबर) यांवरूनच सीड बनवला होता की. फक्त तो १९९५ मध्येच फुटला होता, म्हणजे मला माहीत असायला हवं होतं.

तू म्हणशील, पायथन सीड नीट घेतो. घेतो ना. पण रँडमच्या आत मर्सेन ट्विस्टर नावाची आकडे काढायची रीत आहे, तिचे ३२ बिटांचे सलग ६२४ आकडे हाती लागले की पुढचे सगळे काढता येतात. अंदाज बांधता येतो? येतो. मग नापास. पायथनमध्येच सिक्रेट्स मॉड्यूल ३.६ पासून आहे, ते आकडे थेट ऑपरेटिंग सिस्टीमकडून घेतं, एका ओळीचा बदल आहे.

आणि वरून वेळ मिसळ, हॅश मार (गणितानं घुसळून ओळखू न येणारं करायचं), असली हुशारी प्लीज नको. अंदाज येणाऱ्या गोष्टीचा हॅशही अंदाजातलाच. डेबियन या लिनक्समध्ये २००६ साली टूल वॉर्निंग देतंय म्हणून ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतला कोड काढून टाकला, आणि सीडमध्ये प्रोसेस आयडी सोडून काही उरलंच नाही, २००८ मध्ये कळेपर्यंत लोक सुखात कीज (एन्क्रिप्शनच्या किल्ल्या) बनवत होते, एका प्रकारच्या नि आकाराच्या कीला जेमतेम ३२ हजारांच्या आसपास शक्यता, आणि की दिसायला एकदम धडधाकट.

बदल केलास की जुने टोकन रद्द कर, ते विसरतात सगळे. मग अख्ख्या रेपोत (प्रोजेक्टच्या सगळ्या कोडमध्ये) रँडम शोध, सेशन आयडी, ओटीपी, जिथे असेल तिथे, आणि यादी मला पाठव. ॲनिमेशनमध्ये सापडला तर तिथे राहू दे.