कोकणातून लडाखला नर्स म्हणून जावं का?

तुम्ही विचारलंय : जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, रत्नागिरीत खाजगी दवाखान्यात नोकरी आहे, लडाखमध्ये कंत्राटी जागा मिळतेय, आई नको म्हणतेय, काय करू?

जा. मात्र एक पूर्ण हिवाळा काढायची तयारी असेल तरच. मी देवगडची, लडाखच्या नुब्रा खोऱ्यात स्टाफ नर्स होते. उन्हाळ्यात तिथे माणसं मिळतात, खरी गरज असते ती थंडीत.

आपल्याकडे पावसात घाटात दरड कोसळली तर पेशंट दुसऱ्या घाटाने कोल्हापूरला किंवा खाली गोव्यात बांबोळीला नेता येतो. नुब्रातून लेहला यायचं तर मध्ये 'खार्दुंग ला' ही उंच खिंड. बर्फ पडून खिंड बंद झाली की हेलिकॉप्टर, तेही हवामान असेल तर. त्यामुळे 'बघू, सकाळी ठरवू' चालत नाही. आकाश भरून यायच्या आत, दिवस भरत आलेल्या बाईला लेहला पाठवायचं की नाही ते ठरवावं लागतं. ही घाई अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि त्यातूनच माणूस नर्स म्हणून तयार होतो असं माझं ठाम मत आहे.

बाकी काम तेच, हात मात्र वेगळे लागतात. ऑक्सिमीटरवर 88-90 दिसलं की आपण इथे धावाधाव करू. लेह सुमारे 3,500 मीटरवर आहे, तिथे धडधाकट माणसाचंही एवढं असू शकतं. शिवाय बोट गार असेल तर आकडा चुकतो. आधी हात चोळून गरम करायचे, मग पुन्हा लावायचं. आकड्यापेक्षा पेशंटकडे बघा : बसल्या जागी धाप, ओला खोकला, ओठ निळे, तर ऑक्सिजन लावून लगेच डॉक्टरांना बोलवा आणि खाली न्यायची तयारी सुरू करा. थंडीत शिरा आकसतात. कोमट पाण्यात भिजवलेला टॉवेल हाताला गुंडाळून थोडं थांबलं की सुई लावायला शीर मिळते. सलाईनच्या बाटल्या बुखारीच्या (खोली गरम ठेवणाऱ्या शेगडीच्या) खोलीत ठेवायच्या.

स्वतःची काळजीही घ्या. दिल्लीहून विमानाने गेलात की पहिले दोन दिवस आराम, जिनेसुद्धा सावकाश चढायचे. नुब्राला नंतर. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना विचारूनच घ्या, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. मे-जूनमध्ये रुजू झालात तर थंडीपूर्वी अंग सरावतं. हवा इतकी कोरडी की घामाची सवय असलेल्या आपल्या कातडीला भेगा पडतात, नाकातून रक्त येतं. प्रेशर कुकर न्याच, पाणी नव्वदच्या आतच उकळतं, साध्या टोपात उकड्या तांदळाची पेज होता होत नाही. सोबत आमसुलं आणि सुकट. लोक फार मायेचे आहेत. हिंदी चालते, पण म्हाताऱ्या बायका लडाखीच बोलतात, गावातल्या आशा सेविकांना धरून राहा.

आईसाठी पोस्टपेड सिम करून घ्या, बाहेरचं प्रीपेड तिथे चालत नाही. सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा : क्वार्टरमध्ये बुखारी आणि तिचं इंधन कोण देणार, हिवाळ्यात घरून निरोप आला तर रजा आणि विमानाचं भाडं मिळणार का, रात्रपाळीला दुसरं कोणी सोबत असणार का. तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल, तर दुसरी जागा शोधा.