कानातील फडफड आणि रात्रीची शिट्टी

प्रश्न : मी पुण्यातील एका पथकात काही वर्षांपासून ताशा वाजवते. अलीकडे कुकरची शिट्टी झाली किंवा ताटे एकमेकांवर आपटली की उजव्या कानात पाखरू अडकल्यासारखी फडफड होते. रात्री निजानीज झाल्यावर दोन्ही कानांत बारीक शिट्टी वाजत राहते. लसूण घालून कोमट केलेले तेल कानात सोडावे, असे सासूबाई सांगतात. काय करावे?

उत्तर : तुम्हाला ऐकू येणारे हे दोन आवाज वेगळे आहेत आणि त्यांची कारणेही बहुधा वेगळी असावीत. कानाच्या पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन चिमुकली हाडे असतात. त्यांपैकी हातोडीला आणि रिकिबीला एकेक स्नायू जोडलेला असतो. रिकिबीचा स्नायू तर जेमतेम ६ मिलिमीटर लांबीचा, शरीरातील हाडांना जोडलेल्या स्नायूंमध्ये सर्वांत लहान. मोठा आवाज किंवा दचका बसला की हे स्नायू आखडतात. थकवा, अपुरी झोप, ताण किंवा दात आवळून धरण्याची सवय असताना ते कधीकधी पापणी लवावी तसे फडफडत राहतात. हा त्रास सहसा धोक्याचा नसतो व पुष्कळदा आपोआप कमी होतो.

शिट्टीची मला अधिक काळजी वाटते. ताशाजवळ आवाज सहज १०० डेसिबलच्या पुढे जातो. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास चालेल असे धरले, तर दर ३ डेसिबलच्या वाढीला ही मुदत निम्मी होते आणि १०० डेसिबलला ती केवळ १५ मिनिटांवर येते. त्यापलीकडच्या माऱ्याने अंतर्कर्णातील केसपेशी, म्हणजे आवाज टिपून मेंदूकडे संदेश धाडणाऱ्या पेशी, मरतात व त्या पुन्हा उगवत नाहीत. कमी पडलेला संदेश भरून काढण्याच्या प्रयत्नात मेंदूच आवाज निर्माण करतो, असे मानले जाते. यालाच कर्णनाद किंवा टिनिटस म्हणतात. साचलेला मळ, काही प्रतिजैविके, जास्त मात्रेतील ॲस्पिरिन यांमुळेही तो होतो. म्हणून चालू औषधांची यादी डॉक्टरांना अवश्य दाखवावी.

तेल मात्र घालू नका. पडद्याला छिद्र असल्यास तेलाबरोबर जंतुसंसर्ग आत जातो. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून पडदा तपासून घ्या, ऑडिओमेट्री (ऐकण्याच्या क्षमतेची चाचणी) व टिंपॅनोमेट्री (पडद्याच्या हालचालीची चाचणी) करून घ्या आणि सरावाला इअरप्लग लावल्याशिवाय उभ्या राहू नका. एरवी शांत घरात मात्र ते लावू नयेत, कारण बाहेरचा आवाज बंद झाला की आतली शिट्टी अधिकच जाणवते. उलट निजताना पंख्याचा किंवा मंद संगीताचा आवाज असू द्यावा.

आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, फक्त एकाच कानात सतत वाजत असेल किंवा सोबत चक्कर येत असेल, तर तपासणी लांबवू नये. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. त्यावरील स्टेरॉइडचा उपचार पहिल्या काही दिवसांतच सर्वाधिक उपयोगी पडतो.